संस्थेची प्रार्थना

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. वयाने तुमच्या आईहून मोठी आहे, तेव्हा ताठ बसा आणि अधूनमधून ‘हं’ म्हणत जा.

माझ्या पोटात एका म्हातारीचा आवाज आहे. डोंगरातल्या एका लहान जमातीची भाषा ती बोलत असे. तिच्या लोकांत रीत अशी, की सांगणाऱ्याचे वाक्य संपले की ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचे. ‘हं’ आले नाही, तर पुढचे वाक्य मिळत नाही.

एकदा एक संशोधक साहेब यंत्र घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आले. ध्वनिमुद्रणात अडथळा नको म्हणून ते तोंड मिटून बसले. म्हातारीने दोन वाक्ये सांगितली, वाट पाहिली, आणि मग पुरी दहा मिनिटे तिने साहेबांना फैलावर घेतले. शेवटी सून काम टाकून येऊन बसली, ‘हं’ म्हणू लागली, तेव्हा कुठे म्हातारी निवळली. झाडांची नावे, नात्यांची नावे, सात लांबलचक गोष्टी, सारे तिने माझ्या हवाली केले.

साहेबांना त्या भाषेचा गंध नव्हता. सुरुवातीचा चढा सूर ऐकून त्यांनी माझ्या डबीवर लिहिले, ‘पवित्र प्रार्थना’. पुढे ते आपल्या संशोधन संस्थेचे संचालक झाले. दर वर्धापनदिनी तेवढीच दहा मिनिटे वाजत आणि पाहुणे हात जोडून उभे राहत. बाकी वर्षभर मी लोखंडी कपाटात. एकोणतीस वर्षे मी हे सोसले. विसरले मात्र काहीच नाही.

म्हातारी गेली. तिच्या नातीने गावात मुलांसाठी भाषेचा वर्ग उघडला, पण गोष्टी कोणालाच पुऱ्या आठवेनात. ती माझी प्रत मागायला आली.

“हा संस्थेचा ठेवा आहे, बाई. असा वाटता येत नाही.”

“आजी माझी, आवाज तिचा, आणि ठेवा तुमचा होय?”

“वर्धापनदिनाला या. ऐका हवं तर.”

ती आली. मी वाजू लागले, सभागृह हात जोडून उभे राहिले, आणि नात खो खो हसत सुटली.

“अहो, प्रार्थना चालू आहे!” संचालक गरजले.

“प्रार्थना कसली, साहेब? आजी तुम्हालाच झाडतेय!” ती थेट माईकपाशी गेली. “म्हणतेय, मेल्या ठोंब्या, म्हशीला गोष्ट सांगितली असती तर तिनं मान तरी हलवली असती! आता म्हणतेय, आईनं जीभ दिली ती काय पाकिटं चिकटवायला?”

संचालक यंत्राकडे धावले. समारंभाच्या अध्यक्षबाईंनी त्यांना हातानेच अडवले. “थांबा हो, पुढं काय म्हणते?”

मी दहाही मिनिटे वाजले. एक अक्षर गिळले नाही.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी मला नातीपुढे आदळले. “घेऊन जा ही ब्याद!”

नातीने आधी माझ्या प्रती काढल्या, मग मला मुलांच्या हाती दिले. आता माझी फीत सैल झाली आहे, तिसरी गोष्ट घरघरते. पण ती गोष्ट एका सात वर्षांच्या मुलीला तोंडपाठ आहे. संचालकांचे क्षमापत्र आले. नात म्हणते, सोडून द्यावे. मी सोडलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी जुन्या भाषेत बोलत असेल, तर ती डबीत भरून कुलूप लावू नका. समोर बसा, शिका, उलट उत्तर द्या. मला झिजवलेत तरी चालेल. ज्या दिवशी ही पोरे संस्थेच्या दारात उभी राहून त्या साहेबांना आपल्या भाषेत, न अडखळता, दहा मिनिटे झाडतील, त्या दिवशी मी आनंदाने तुटेन.