आता दिवसाचेच घेतो

"तासाचं बंद केलं ताई. आता दिवसाचेच घेतो," वायरमन म्हणाला.

शिवणकाम करणाऱ्या ताई दारातच उभ्या होत्या. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी. त्यांनी आधी टाचणी काढली. "तुम्ही? आणि दिवसाचे? अहो दादा, अख्खी गल्ली तुम्हाला तासवाले म्हणते!"

म्हणायचीच. बाकीचे वायरमन चहावर चहा पीत काम लांबवायचे. हा मात्र मनगटावरचं घड्याळ काढून गिऱ्हाईकासमोर ठेवायचा आणि हां हां म्हणता काम उरकून मोकळा व्हायचा. त्यात थोडा तोराही होता, खोटं कशाला बोला! पण हल्ली त्याचा उजवा हात थरथरायचा. आधी सही करताना, मग कपबशी उचलताना, आणि आता स्क्रूवर स्क्रू ड्रायव्हर टेकवताना. तासावर काम घेतलं की गिऱ्हाईक घड्याळाकडे बघणार, आणि घड्याळाकडे बघता बघता हाताकडे. मग बोभाटा व्हायला कितीसा वेळ? थरथरत्या हाताच्या माणसाला विजेजवळ कोण उभं करणार? दिवसाचा दर लावायची युक्ती बायकोची. "दिवसावर घेतलंत की कोण मिनिटं मोजत बसतंय?" ती म्हणाली होती.

"वय झालं आता, घाई नको वाटते," त्याने सारवासारव केली आणि आकडा सांगितला. पूर्वी ताईंचे हे तीन स्विचबोर्ड बदलायला तासाच्या दराने जेवढे झाले असते, तेवढाच. आपल्या हाताची झळ ताईंना कशाला?

ताईंनी घासाघीस केली नाही. "संध्याकाळी माझी मशीन तेवढी चालू करून द्या. उद्या सकाळी शाळेचे लोक गणवेश न्यायला यायचेत."

"त्याची काळजीच सोडा," तो म्हणाला, आणि सगळी काळजी त्याच्याकडे आली.

मेन स्विच बंद केल्यावर ताई आतल्या खोलीत जातील असं त्याने गृहीत धरलं होतं. पण आत अंधार. उजेड काय तो या एकाच खिडकीतून. ताई गणवेशांचा ढीग घेऊन तिथेच, त्याच्या पाठीमागे हाताने बटणं शिवायला बसल्या. झालं! जे टाळायला एवढा खटाटोप, तेच नशिबी आलं.

पहिला स्क्रू पडला. फरशीवर टणटण करत मशीनखाली गेला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि पाठ अशी वळवली की हात दिसू नये. दुसरा पडला तेव्हा तो उगाच खोकला. शर्ट घामाने चिकटला होता. मागे सुईदोऱ्याची हालचाल थांबली की त्याला वाटायचं, बघितलं; आता विचारणार.

तिसरा पडला तेव्हा मागून काहीतरी सरकत आलं. टाचण्या गोळा करायचं ताईंचं लोहचुंबक. त्याला दोन्ही हरवलेले स्क्रू चिकटलेले होते.

"माझ्या टाचण्या सांडतात ना, म्हणून ठेवलंय," ताई मान वर न करता म्हणाल्या. "राहू दे तुमच्याजवळ."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं. वायरमनने चुंबक जवळ ओढून घेतलं.

दिवेलागणीला दोनच बोर्ड झाले होते. तिसऱ्याच्या तारा त्याने नीट झाकून ठेवल्या आणि मशीन चालू करून दिली. "उरलेला उद्या," एवढंच कसंबसं म्हणून तो निघाला. घरी बायकोने विचारलं तर म्हणाला, "झालं बरंचसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरा बोर्ड झाला. खोलीतले सगळे दिवे लावून त्याने ताईंना दाखवले. ताईंनी पैसे पुढे केले. त्याने नोटा बघितल्या आणि अर्ध्या परत केल्या.

"दोन दिवस लागले की दादा!"

"मी एक दिवस बोललो होतो."

"अहो पण..."

"आता माझा दिवस जरा मोठा असतो ताई."

ताईंनी नोटा मुठीत धरून ठेवल्या. मग म्हणाल्या, "शेजारच्या वहिनी काल विचारत होत्या. त्यांच्याकडेही काम आहे. कसे आहेत म्हणे वायरमन."

त्याने आपल्या नोटा खिशात घातल्या. "मग?"

"सांगितलं, दिवसाचे घेतात. घाई करत नाहीत."

तो खाली वाकून पिशवी आवरू लागला. पिशवीचा पट्टा कडीत जाईना. एकदा चुकला, पुन्हा चुकला. ताई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. मग पाठ फिरवून खिडकीशी गेल्या आणि मागे राहिलेल्या एका गणवेशाची बटणं वरपासून खालपर्यंत काजांत लावू लागल्या. ती लावून झाली, तेव्हा त्यांनी ती सगळी सोडली आणि पुन्हा लावायला घेतली. पट्टा बसल्याचा आवाज आला, तेव्हाच त्या वळल्या.