मोतीबाईंचा फोटो, साठ केबी

"हातावरचा गोंदान दिसला पायजे गो पोरी. त्याबिगर मला कोन वलखील?"

चामटोलीच्या मोतीबाई फोटोला बसताना बोलल्या होत्या. चार वर्षं लोटली, तरी तो घोगरा, हसरा आवाज कुंदाच्या कानात होता. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजेंद्रदादांचा फोटो स्टुडिओ. तेव्हा कुंदा तिथं कामाला नवी होती, फोटोचा दिवा धरून उभी. मोतीबाईंनी जन्मात काढवलेला तो एकच फोटो.

दोन हजार आठ साली दादांनी वेबसाइटचं मनावर घेतलं. साचा तयार मिळायचा, आपण नाव लिहायचं नि फोटो टाकायचे. कुंदाने मोतीबाईंना पहिल्याच पानावर बसवलं. पण फोटो भलता जड. सायबर कॅफेत पान उघडलं की मोतीबाई वरून पट्टीपट्टीने उतरायच्या. आधी पदर, मग कपाळ, मग डोळे. हात येईस्तोवर बघणारा उठून गेलेला. दादा म्हणायचे, आपलं पान उघडेपर्यंत नवरा-नवरीचे केस पिकतील.

मग एका दुपारी कुंदाने अख्ख्या फोल्डरचे फोटो लहान केले. रुंदी सहाशे पिक्सेल, दर्जा निम्मा. चार एमबीचे साठ केबी झाले. पान टिचकीसरशी उघडू लागलं. दादांनी शेजारच्या हारवाल्यालाही बोलावून दाखवलं. ते कौतुक चालू असतानाच तिच्या ध्यानात आलं की लहान फोटो तिने त्याच नावाने, मूळ फोटोंवरच सेव्ह केलेत. मोठं करून पाहिलं, तर गोंदणाच्या जागी हिरवट चौकोन. कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच पुसून पुन्हा वापरलेली. तिने फाइल बंद केली. पान तर छान उघडत होतं.

श्रावणात मोतीबाई गेल्या. नातू धर्मेश आला. बाराव्याला भिंतीवर लावायला दोन फुटी फोटो हवा होता. कुंदाने सांगितलं, मोठ्या फोटोची सीडी घरी आहे. दुसऱ्या खेपेला म्हणाली, विसरले. तिसऱ्या खेपेला दादा दुकानात होते. त्यांनी स्वतः फाइल उघडली, मोठी केली, तर तेच हिरवट चौकोन.

"चूक माझी आहे, धर्मेश," ते म्हणाले. "कॅमेरा नवा होता. त्या दिवशी सेटिंग लहान राहिली असणार. एकच फोटो, नि तोही मी घालवला."

धर्मेश त्यांचीच समजूत घालू लागला. असू द्या भाऊ, म्हणाला, तुम्ही काय मुद्दाम केलंत का.

कुंदा पुढे आली.

"दादा, तुमचं काही चुकलं नव्हतं. फोटो मोठाच आला होता. पान लवकर उघडावं म्हणून मी लहान केला, नि मूळ फोटोवरच सेव्ह केला. मला त्याच दिवशी कळलं होतं." मग ती धर्मेशकडे वळली. "आणि सीडी घरी नाहीये, भाऊ. सीडी नव्हतीच."