पुढे काम चालू आहे

"पोरी, घर घ्यायचं तर मागच्या गल्लीत घे. बायपासच्या भरवशावर या रस्त्यावर येऊ नकोस," असं ताडपत्रीवाल्या मामांनी तिला बजावलं होतं, आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं. म्हातारा रस्त्याकडेला बसून ट्रकच्या फाटक्या ताडपत्र्या शिवायचा. ट्रक कोंडीत अडकला की गिऱ्हाईक आपणहून त्याच्या दारात. तो बायपासबद्दल बरं कशाला बोलेल? शिवाय ही शिकलेली. गावाला वळसा घालून जाणारी ती लाल रेघ तिने वर्तमानपत्रातल्या नकाशात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

रस्त्यालगतचं घर घेऊन तिला साडेचार वर्षं झाली. लाल रेघ काही कागदावरून खाली उतरली नाही. तेवढ्या काळात हिला मुलगी झाली, ती चालायला लागली, आणि तिला बालवाडी मिळाली ती नेमकी रस्त्यापलीकडे. आईची अकरा पावलं, मुलीची सव्वीस. सव्वीस पावलांत वळणावरून दोन ट्रक सहज येत, हे ती खिडकीत उभी राहून मोजून बसली होती. एखादा अवजड ट्रक गेला की मांडणीवरचे पेले थरथरत कडेकडे सरकायचे. संध्याकाळी ती त्यांना पुन्हा भिंतीशी नेऊन उभं करायची. सासूबाई म्हणायच्या, "निघाले बघ तुझे पेले फिरायला."

दरवर्षी वर्षअखेरीस रस्ते खात्याचे साहेब जीपमधून यायचे, रिकाम्या माळावर नजर टाकायचे, वहीत 'काम सुरू नाही' असं लिहायचे आणि चहा घेऊन जायचे. मग मंजूर झालेला निधी आल्या वाटेने परत. एका वर्षी तिने त्यांना गाठून विचारलंच की काम का सुरू होत नाही. साहेब म्हणाले, पैसे आले नाहीत. पैसे का येत नाहीत? तर काम सुरू नाही म्हणून. घड्याळात किती वाजले ते सांगावं तितक्या सहज त्यांनी हे सांगितलं.

मग एका सकाळी ट्रकने मुलीच्या दप्तराला घासलं. मुलीला खरचटलंही नाही. पाण्याची बाटली मात्र सुटून चाकाखाली गेली आणि भाकरीसारखी चपटी झाली. मुलीला त्याची भारी गंमत वाटली. आईला नाही वाटली. ती चपटी बाटली घेऊन ती थेट मामांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, पिवळी ताडपत्री हवी, दोन हात लांब, दोन तुकडे.

कॉलेजात भित्तिपत्रकं रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुपारी मुलगी झोपल्यावर तिने काळ्या रंगात अक्षरं काढली: सावधान, पुढे बायपासचे काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा.

मामांनी चष्म्यावरून वाचलं. "पुढे म्हणजे कुठे?"

"पुढे म्हणजे पुढे. आज ना उद्या. खोटं काय आहे त्यात?"

 मामांनी कडा दुहेरी दुमडून शिवल्या, वाऱ्याने फाटू नयेत म्हणून, आणि वर दोन लाल झालरी आपल्या मनाने लावल्या.

रस्त्याच्या दोन्ही टोकांना फलक लागले आणि ट्रक खरोखर गोगलगाय झाले. काम म्हटलं की खड्डा आला, आणि खड्ड्याला ड्रायव्हर जेवढा भितो तेवढा तो माणसाला भीत नाही. सव्वीस पावलं निवांत पडू लागली.

पण तिला गावाचा अंदाज नव्हता. काम दिसत नाही असं म्हणायला कुणी तयारच होईना. न्हावी म्हणाला, यंत्र आलंय, मी पाहिलं. किराणावाल्याच्या बायकोने यंत्राचा आवाज ऐकला. सासूबाईंना तर ठेकेदार सज्जन माणूस आहे असं कळलं. नवऱ्यानेही घरी येऊन मोठ्या उत्साहाने तिला बातमी दिली, तेव्हा ती भाजी निवडत "हो का" म्हणाली आणि मान वर केली नाही.

वर्षअखेरीस जीप आली ती फलकापाशीच थांबली. मुलीला कडेवर घेऊन ती दारात खिळली. साहेबांनी फलक उतरवायला सांगितला तर उद्यापासून पुन्हा तीच सव्वीस पावलं.

साहेबांनी मामांना विचारलं, हे कुणी लावलं?

"आम्हाला काय विचारता साहेब?" मामा सुई न थांबवता म्हणाले. "काम तुमचं."

साहेबांनी कचेरीत फोन लावला. कचेरीला माहीत नव्हतं, पण माहीत नाही हे कबूल करायलाही कचेरी तयार नव्हती. दुसऱ्या विभागाने सुरू केलं असेल, असं तिकडून सांगण्यात आलं. दुसऱ्या विभागाला वाटलं, पहिल्याने केलं असेल. साहेबांनी एकदा फलकाकडे पाहिलं, त्याच्या सरळ शिवणीकडे पाहिलं. इतकं नीटनेटकं काम खात्याशिवाय कोण करणार? वहीत त्यांनी लिहिलं: काम सुरू.

आणि काम सुरू आहे म्हणून पैसे आले. पैसे आले म्हणून माळावर खरंखुरं यंत्र आलं. "मी आधीच सांगितलं होतं," असं म्हणत न्हावी आठवडाभर गावात मिरवला.

आता दोन वर्षांनी ट्रक बाहेरून जातात. मांडणीवरचे पेले जागचे हलत नाहीत. मुलगी रस्ता ओलांडते ती उड्या मारत, आणि पावलं मोजायची आईची सवय मात्र सुटत नाही. अशीच एकदा मोजता मोजता तिची नजर मामांच्या दुकानाकडे गेली. दारात एकही ताडपत्री नव्हती. झालरी लावताना म्हाताऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

तिने विचारलं तर मामा म्हणाले, बरं झालं, आता डोळे साथ देत नाहीत. पण ती डोळ्यांत तेल घालून बघणारी. त्यांनी सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवलेला तिने त्याच दिवशी पाहिला होता.

आठवडाभरात बायपासच्या फाट्यावर नवा पिवळा फलक लागला. या वेळी कडा तिनेच शिवल्या आहेत, म्हणून जरा वाकड्या. त्यावर लिहिलंय:

'वाचणाऱ्याने पाच मिनिटं गावात वळावं. बालवाडीसमोर ताडपत्रीवाले मामा बसतात. ते कसे आहेत ते बघून या. डोळे गेले असं म्हणतील. विश्वास ठेवू नका. सुईत दोरा ओवायला सांगा.'