जुनी डिस्क राहू दे

थोरलीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि दाराची कडी काढून ठेवली. धाकटा भाऊ यायला अजून अवकाश होता. पण पडदा उजळून ते गरगरणारं चक्र थांबेपर्यंत तिची अंघोळ आटोपून केसही विंचरून होत. तो दारात येईल तेव्हा मशीन कसं झोप पुरी झाल्यासारखं तरतरीत दिसलं पाहिजे. गेला महिनाभर तिचा दिवस या लबाडीने सुरू होत होता, आणि लबाडीसाठी रोज लवकर उठावं लागतं याचा तिला आता मनस्वी कंटाळा आला होता.

ती घरी बसून पुस्तकांची पानं लावायची. छापखान्याकडून मजकूर यायचा, ती तो पानांत नीट बसवून परत धाडायची. कॉम्प्युटर जुना झाला होता; एखादी मोठी फाइल उघडेपर्यंत भाजी चिरून व्हायची. धाकट्याने एकदा शेजारी बसून हे पाहिलं आणि निदान केलं. मशीन ठणठणीत आहे, फक्त आतली डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची आहे. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, बसवू. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे मागितलं की लगेच हातात. हे सगळं त्याने हातवारे करकरून समजावलं. थोरलीचं बोलण्याकडे लक्षच नव्हतं, ती त्याचे हात बघत होती. कित्येक महिन्यांत ते हात पहिल्यांदा हलत होते.

धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. त्याने दुरुस्त केलेली एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली आणि आत एक म्हातारी बाई संध्याकाळपर्यंत कोंडून राहिली. बाई सुखरूप बाहेर आली, पण कंपनीने धाकट्याला घरी बसवलं. त्याने हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि स्वतः पलंगावर पडून राहिला. ना धड जेवण, ना कुणाशी बोलणं.

एसएसडी बसवायला तो तीच पेटी घेऊन आला, तेव्हा थोरलीला भरून आलं होतं. जुन्या डिस्कवरचं सगळं त्याने नवीवर जसंच्या तसं उतरवलं, जुनी सोडवून टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं. थोरलीने चष्मा पुसायला घेतला होता. तो नाकावर चढतोय तोवर कॉम्प्युटर तयार. दोघंही लहानपणासारखी हसली. मग तिची नजर टेबलावरच्या त्या जुन्या डिस्कवर गेली. तिची इतक्या वर्षांची मेहनत त्या डबीत होती.

"ती जुनी आतच राहू दे," ती म्हणाली. "नवीला काही झालं तर?"

"काही होत नाही गं, ताई."

"राहू दे रे. माझ्या जिवाला बरं वाटेल."

तिच्या समाधानासाठी त्याने जुनी पुन्हा जागेवर जोडली, झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि शीळ घालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं तर पुन्हा तेच चक्र आणि तीच गरगर. संध्याकाळी फोनवर त्याने विचारलं, कसा चालतोय? वाऱ्यासारखा, असं ती म्हणून गेली.

आता त्या शब्दाला जागणं आलं. धाकट्याच्या अंगात उत्साह संचारला होता. तो येता-जाता डोकवायचा, कुठे काही मोडलंय का ते शोधायचा, स्वयंपाकघरातला नळही त्याने आपणहून बदलून दिला होता. आणि काल एका दवाखान्याने त्याला विचारलं होतं, आमच्या लिफ्टची देखभाल घ्याल का? आज त्याला दवाखान्याला उत्तर कळवायचं होतं. आजचा एक दिवस निभावला की झालं, असं थोरली स्वतःला सांगत होती.

तो आला, हत्यारांची पेटी पायाशी ठेवून खुर्चीत टेकला, फोन मांडीवर ठेवला.

"घेऊ का काम?" त्याने विचारलं.

ती हो म्हणणार तोच वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. थोड्या वेळाने वीज आली आणि थोरली पुढे व्हायच्या आत त्यानेच हात लांबवून बटण दाबलं. ती चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली. त्याचा चेहरा बघायची तिची हिंमत नव्हती. नळाखालचं फडकं तिने उगाचच उचलून पुन्हा होतं तसं ठेवलं. चहा उकळून उकळून काळा झाला तरी तिने गॅस बंद केला नाही. बाहेर स्क्रू फिरत असल्याचा आवाज येत होता.

कप घेऊन ती आली तेव्हा झाकण जमिनीवर होतं आणि तो गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात आत बघत होता.

"कधीपासून?" त्याने मान न वळवता विचारलं.

"काय कधीपासून?"

"ताई."

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

त्याने आतल्या दोन वायरींची अदलाबदल केली. दोन्हींवर सगळं सारखंच होतं, तो सांगू लागला. मशीन आपलं सवयीने जुनीवरूनच सुरू होत होतं, नवी नुसती बसून होती; महिनाभरातलं काम तेवढं आता नवीवर उतरवून घ्यायचं. झाकण लावण्याआधी पुन्हा एकदा चालू करून बघायला हवं होतं.

"मीच म्हटलं ना, जुनी राहू दे म्हणून."

"जोडली मी."

त्याने बटण दाबलं. कप टेबलावर टेकतोय न टेकतोय तोच पडदा उजळला. या वेळी कुणी हसलं नाही.

"अडकण्याआधी ती लिफ्ट आवाज करत होती," तो म्हणाला. "आठवडाभर. सगळ्या इमारतीला माहीत होतं. बिचारा कष्टाळू आहे, कशाला त्याला बोल लावायचा, म्हणून मला कुणी कळवलं नाही. मी लगेच गेलो असतो."

इतके दिवस आपण त्याला जपतोय या समजुतीत थोरली होती, आणि तिला आता लाज वाटली. तो चहाचा एक घोट घेऊन थांबला. चहा कडू झाला होता, पण त्याबद्दल तो काही बोलला नाही.

"आणखी काही आहे?" त्याने विचारलं.

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग ती फार दमल्यासारखी खुर्चीत बसली.

"नळ," ती म्हणाली. "तू बदललास तेव्हापासून गळतोय. आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं ठेवते."

तो पेटीतून पाना काढून स्वयंपाकघरात गेला. फडकं उचलल्याबरोबर खालच्या भांड्यावर थेंब वाजू लागले, आणि तो काही वेळ तसाच उभा राहून ते ऐकत होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो खांद्याने कानाशी धरला आणि पाना नळाला लावला.

"हो, मीच बोलतोय. घेतो मी काम. पण आधी एक सांगा, तुमची लिफ्ट कुठे कसला आवाज करते का? नाही नाही, वाईट नाही वाटणार. सांगा तुम्ही."