खाली उतरणारा गडी

“सूरज, ढाल वर धर! वर धर म्हणतोय न्हवं!”

ओमकार ओरडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पडद्यावर डाव्या जिन्याच्या शेवटच्या पायरीशी सूरजचा ढालवाला कोसळला, पाठोपाठ प्रियदर्शनी गेली, आणि दोघांच्या जखमा भरायला धावलेला ओमकारचा वैद्य सगळ्यांत शेवटी. निपाणीची पोरं खाली अंधारात दबा धरून बसली होती. पाहुणे कोणत्या गाडीनं येणार हे आधीच कळल्यासारखी बसली होती मेली!

टिळकवाडीच्या त्या गेमिंग कॅफेत घटकाभर नुसता पंखा वाजत राहिला.

“परत तसंच,” भावकू म्हणाला. “ह्यास्नी कसं कळतंय रं?”

खेळ साधा होता, म्हणजे सांगायला साधा. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकाचा एक वीर, प्रत्येक वीराची एक विद्या. कोणी ढालवाला, कोणी वैद्य, कोणी लांबून नेम धरणारा, कोणी उडणारा. लढायची जागा म्हणजे एक बंद पडलेला तीन मजली कारखाना. त्याच्या मजल्यांना या पोरांनी घरचीच नावं ठेवली होती. वरचा माळा, मधला सोपा म्हणजे ओसरी, आणि तळाशी काळ्या पाण्याचा हौद. ज्याच्या ताब्यात हौद, त्याची बाजी. हौदाकडे दोन जिने उतरायचे, एक डावा, एक उजवा, आणि दोन्हींत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

डाव सगळा ओमकारच्या डोक्यातला. दिवसभर खानापुरात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, हातात तांब्याची तार आणि डोक्यात जिने. निशांत माळ्यावरून नेम धरणार, भावकू सोपा राखणार, सूरज ढाल घेऊन हौदात उतरणार, प्रियदर्शनी त्याच्या पाठीशी, आणि ओमकार जिन्यात उभा राहून सगळ्यांना हाका देणार. ढालवाल्याला समोरचं तेवढं दिसतं. पाठीमागचं सगळं हाक देणाऱ्याच्या भरवशावर. ओमकारनं ‘उतर’ म्हटलं की सूरज उतरायचा, मग खाली वाघ असो की वाघाचा बाप.

हे आजचं नव्हतं. आयटीआयची दोन वर्षं ओमकार हिंडलग्याला सूरजच्या घरी राहून शिकला होता. सूरजच्या आईच्या, रुक्माबाईच्या हातच्या भाकरीवर वाढला होता म्हणा ना.

लढत सुरू होऊन कारखान्याची दारं उघडली की पाचही जण आपापल्या वाटेच्या तोंडाशी वीराला एकदा खाली वाकवायचे आणि मगच आत शिरायचे. ही टूमही ओमकारचीच. त्याचे वडील आण्णाप्पा बांधाला हात लावून पाया पडल्याशिवाय भाताच्या शेतात पाय ठेवत नाहीत. ओमकारनं एकदा गमतीनं तसं केलं, सूरजनंही केलं, त्या दिवशी जिंकले. झालं! आपल्याकडे एकदा जिंकलं की रीत पडायला कितीसा वेळ लागतो?

पण गेला महिनाभर निपाणीशी सरावाची प्रत्येक लढत हरत होते, आणि अंतिम सामना त्यांच्याशीच होता. जिंकणारा संघ बेंगळुरूला जाणार होता.

सूरज फाउंड्रीच्या पाळीला निघून गेल्यावर निशांत हळूच म्हणाला, “आपल्यातलंच कोणीतरी सांगतंय.” निशांत वकिलांच्या घरातला. बोलणं मऊ, पण नेम कधी चुकायचा नाही. “निपाणीचा कॅप्टन रविराज, सूरजचा सख्खा मावसभाऊ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!”

“गप बस,” ओमकार म्हणाला. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. रात्री जेवताना, तार गुंडाळताना, बसमध्ये, कुठंही असला तरी ती आपली चुकचुकतेच आहे. शेवटी त्यानं एक घाट घातला. सगळ्यांना सांगितलं, उद्या डावा जिना. मग सूरजला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, “ऐन वेळी तू उजव्यानं जायचं. कुणाला बोलू नको.”

“बरं,” सूरज म्हणाला. विचारलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी उजव्या जिन्याच्या तळाशी निपाणीची पाचही पोरं उभी होती.

ओमकारनं मनाशी मोजलं. आपण सोडून दोनच कान, आणि तेही सूरजचे! आता आणखी कसला पुरावा हवा होता?

त्या संध्याकाळी सूरज सगळ्यांसाठी गरम भजी घेऊन आला.

“काय रं, कुणाच्या मातीला बसल्यासारखं बसलासा?”

“रविराजशी बोलतोस का रे रोज?” निशांतनं विचारलं.

“मावसभाऊ हाय माझा. का?”

“उजवा जिना दोघांनाच माहीत होता. एक ओमकार, दुसरा तू.”

सूरजनं पुडी टेबलावर ठेवली आणि ओमकारकडे पाहिलं. “एकट्याला सांगितलास ते ह्यासाठी व्हय?”

ओमकार हेडफोनची वायर गुंडाळत राहिला. एक ‘न्हाय’ तोंडातून निघाला असता तर निभावलं असतं. तेवढाही निघाला नाही.

“बोल की रं ओम्या. तुला तसं वाटतंय?”

“मला काय वाटायचंय? जे दिसलं ते दिसलं.”

सूरज काहीतरी बोलेल, भांडेल, निदान एखादी शिवी तरी देईल असं सगळ्यांना वाटत होतं. तो नुसता चपला घालून बाहेर पडला.

“तुमी चूक करालासा,” प्रियदर्शनी म्हणाली. भज्यांची पुडी कोणी सोडली नाही.

अंतिम सामना निपाणीतल्या एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाचे हार अजून कमानीला लोंबत होते, सुकून काळे पडलेले. भर दुपार होती, पण पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना काळी कापडं लावलेली. काहीतरी वाईट होणार, काहीतरी होऊन बसलंय, असं आत शिरल्यापासून ओमकारला उगाचच वाटत होतं. सूरजच्या खुर्चीवर निशांतचा एक मित्र बसला होता. पोरगा हुशार होता, पण हाक दिल्यावर आधी “का?” म्हणायचा.

आदल्या संध्याकाळी डाव पार बदलला होता. आता तो निपाणीला कळवायला सूरज नव्हता. दारं उघडली. पाचही जण वाकले. नवा ढालवाला उजव्या जिन्याच्या तोंडाशी वाकला आणि खाली उतरला.

तळाशी निपाणीची पोरं उभी होती.

मग आता कोण? ओमकारनं निशांतकडे पाहिलं, भावकूकडे पाहिलं. जी एकटी सूरजसाठी बोलली होती, त्या प्रियदर्शनीकडेसुद्धा पाहिलं. त्या नजरेची त्याची त्यालाच भीती वाटली. पुढच्या फेरीत डावा जिना घेतला, तिथंही तेच. त्यापुढे हाक द्यायला त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. निपाणीच्या टाळ्यांनी कार्यालय दणाणलं तेव्हा त्याचा वैद्य हौदाच्या काठाशी एकटाच पडला होता.

मंचावरून खाली उतरल्यावर रविराज हसत हसत पुढं आला. दांडगा, मोकळ्या मनाचा गडी. त्यानं ओमकारचा हात हातात घेतला.

“लई चांगलं खेळलासा. आणि तुमचं ते पाया पडणं, एक नंबर! आमची पोरं त्यावरच टपून असतात की.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय? आमचा उडणारा गडी पयल्यांदा माळ्यावर जातोय. तिथनं तुमच्या जिन्यांची तोंडं दिसतात. ढालवाला ज्या जिन्याशी वाकला, त्याच्या तळाला आमी जाऊन बसायचं.” रविराजनं आजूबाजूला पाहिलं. “सूरज कुठं हाय? आज तरी बोलंल म्हटलं माझ्यासंगं. महिना झाला, फोन घेत न्हाय गडी. म्हणाला, फायनल होईपर्यंत बोलायचं न्हाय, तोंडातनं चुकून काय गेलं तर ओमकारला तोंड कसं दाखवू?”

वाकायची ती टूम ओमकारची स्वतःचीच. चोर सोडून संन्याशाला सूळ म्हणतात, इथं तर चोरानंच संन्याशाला सुळावर चढवलं होतं. निशांत काहीतरी बोलत होता. त्याला तिथंच सोडून ओमकार बसस्टँडकडे धावला.

हिंडलग्याला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. रुक्माबाई दारातच होती.

“ये रं बाबा! जिंकलासा काय?”

“न्हाय मावशी. हरलो.”

“जाऊ दे. ह्या सुऱ्याचा हात मुरगळला न्हवं ऐन वेळेला. मला म्हणाला, ओम्या लई मागं लागलाय चल म्हणून, पण मीच न्हाय म्हटलो. बस, हळद गरम करून आणते.” आणि ती आत गेली.

सूरज कट्ट्यावर बसला होता. उजव्या मनगटाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. त्या हाताला काहीएक झालेलं नव्हतं, हे ओमकारला कोणी सांगायला नको होतं.

“सुऱ्या, माझं चुकलं.” आणि तो भडाभडा बोलत सुटला. वाकणं, माळा, रविराज, सगळं. बोलताना रडला. सूरज ऐकत होता.

“बरं झालं कळलं,” तो म्हणाला. “आईला काय सांगू नको. तिला तुझं लई कौतुक हाय.”

“तू परत ये. पुढच्या वर्षी बघू. ढाल तुझीच हाय.”

सूरजनं मनगटाची पट्टी जरा घट्ट केली. मग शांतपणे म्हणाला, “राग न्हाय रं माझा. घरला येत जा, जेवत जा. पण तू उतर म्हटल्यावर मागं न बघता उतरायचं, ते आता माझ्यानं व्हायचं न्हाय.”

रुक्माबाई आंबेहळदीची वाटी घेऊन बाहेर आली आणि लेकाजवळ टेकली. सूरजनं तो धडधाकट हात मुकाट्यानं तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पट्टी सोडली, बोटानं ऊन ऊन लेप लावला, फुंकर घातली.

“अजून दुखतंय काय रं?”

“व्हय,” सूरज म्हणाला, “दुखतंय.”