उष्टं बोंडलं

मित्रांनो, मी चांदीचं एक जुनं बोंडलं आहे. तुमच्यातल्या अर्ध्यांनी माझं नावही ऐकलं नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. एक लहानशी वाटी घ्या आणि तिच्या काठाला एका बाजूनं चिमणीसारखी चोच काढा. झालो मी. तान्ह्या बाळाला दूध, पाणी, गुटी पाजायची ती माझ्या चोचीतून. सध्या माझा मुक्काम नाशिकच्या सराफ बाजारात निवृत्तीशेठ सोनारांच्या दुकानात, मोडीच्या परातीत आहे. शेजारी एक तुटका छल्ला आहे आणि जोडी हरवलेलं पैंजण आहे. उद्या भट्टी पेटेल. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगून घेतो.

माझा जन्म याच दुकानातला. निवृत्तीशेठच्या वडिलांनी मला घडवलं. चोच झाल्यावर तिचा काठ त्यांनी आधी बोटानं चाचपला, मग सरळ स्वतःच्या ओठाला लावून पाहिला. "बाळाच्या हिरडीला टोचता कामा नये," म्हणाले. एवढं ध्यानात ठेवा, मित्रांनो. मला पहिल्यांदा उष्टं केलं ते माझ्या घडवणाऱ्यानंच. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

पिंपळगाव बसवंतच्या वत्सलाबाईंना पहिलं मूल झालं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला बारशाला नेलं. तिथून माझी चाकरी सुरू झाली. वत्सलाबाई सकाळी सहाण मांडून बसायच्या. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग असं एकेक उगाळायच्या आणि ती पिवळसर गुटी माझ्यात ओतून बाळाच्या तोंडाला लावायच्या. बाळ तोंड वाकडं करायचं आणि मोठी माणसं हसायची. मी या घरातली पोरं वाढवली, मग गल्लीतली वाढवली. मला उसनं नेणारी बाई रिकामं कधी परत करत नसे. माझ्यात चिमूटभर साखर घालून आणायची. कुणाच्या घरी दुधात पाणी जास्त आणि कुणाच्या घरी मायेत, हे मला चोचीपर्यंत येईतो कळलेलं असे. पण मी भांडं. भांड्यानं बोलू नये आणि सुनेनं बोलू नये, हा त्या घरांचा एकच नियम होता.

"वत्सलाबाईंचं बोंडलं लागलं की पोराला काही होत नाय," असं गल्ली म्हणायची. खरं सांगायचं तर पोरं आपापल्या आयांच्या दुधावर वाढली होती. नाव माझं झालं. मला ते गोड लागलं, हे मी नाकारत नाही.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी ट्रंकेत गेलो. लुगड्यांच्या घड्यांत बरीच वर्षं काळा पडून राहिलो. वत्सलाबाईंच्या धाकट्या मुलाला, धनराजला, मुलगा झाला तेव्हा मला पुन्हा बाहेर काढलं. चिंच लावून घासलं, फळीवर मांडलं. बाळाचं नाव रुद्र. त्याची आई सुवर्णा. लग्नाआधी ती द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये घड निवडायची. सडका मणी लांबूनच ओळखणारी पोरगी.

मी फळीवर चकाकत वाट पाहत होतो. वत्सलाबाई बाजाराला गेल्या होत्या. तेव्हा सुवर्णा नवऱ्याला काय म्हणाली ते मी ऐकलं.

"तुम्ही आईंना एकदा सांगा, सहा महिने पोराला वरचं काही द्यायचं नाय. कारण सांगू नका. डॉक्टरांनी सांगितलं, एवढंच सांगा."

धनराज टेम्पोची किल्ली बोटावर फिरवत होता. "ती विचारंल ना, का म्हणून."

"विचारू द्या."

"मग काय सांगू? तुझं सांगू का माझं?"

"तुमच्या गोळ्या टेम्पोच्या सीटखाली, माझ्या डाळीच्या डब्यामागं. आपलं काय उघडं पडायचं ते पडंल. पोराचं तोंड तेवढं सांभाळा."

"बघतो," धनराज म्हणाला.

मित्रांनो, नाशिकच्या द्वारका चौकानं जितक्या गाड्या अडवल्या नसतील, तितकी कामं या 'बघतो'नं अडवली आहेत.

त्या दोघांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू होता. आधी नवऱ्याला, मग त्याच्याकडून तिला. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा तिला ते कळलं, आणि त्याला आधीपासून माहीत होतं हेही कळलं. ती रडली असेल, पण नंतर कामाला लागली. तिला तिथं समजावून सांगितलं होतं की आईनं रोजची गोळी चुकवली नाही, बाळाला त्याचं औषध वेळेवर पाजलं आणि सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही दिलं नाही, तर बाळ बहुतेक वाचतं. काहीही म्हणजे पाणीसुद्धा नाही. मध नाही, गुटी नाही, वरचं दूध नाही. वरच्या वस्तूनं बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि आईच्या दुधातून येणाऱ्या विषाणूला आत शिरायला वाट मिळते. आईचं दूध आणि वरचं, असं दोन्ही मिळून देणं सगळ्यांत वाईट.

म्हणजे माझ्या चोचीतून जे जे जायचं, ते सगळं त्या बाळाला घातक होतं. ज्याच्यासाठी मी जन्मलो तेच. आणि वत्सलाबाई मला घेऊन सहाणेपाशी बसल्या होत्या.

"आण गं पोराला."

"नको आई. डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाय सांगितलंय. पाणीबी नाय."

"पाणी नाय? त्या डॉक्टराला लहानपणी कुणी पाजलंच नसंल, म्हणून असा सुकलेला बोलतोय. अगं, गल्ली वाढली माझ्या गुटीवर. हा बसलाय तो तुझा नवराबी."

धनराज जेवत होता. त्याच्याकडे दोघींनी पाहिलं. त्यानं भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात कोंबला. तोंड कामात असलं की बोलावं लागत नाही, ही त्याची जुनी सोय.

सुवर्णानं मला त्याच दुपारी गव्हाच्या कोठीत खोल खुपसलं. पण वत्सलाबाई दळणाला गहू काढायला बसल्या आणि मी त्यांच्या हाताला लागलो. सून अंघोळीला गेली की बाळाला मांडीवर घ्यायचं, पदराआड गुटी पाजायची आणि मला परत गव्हात दडवायचं, असं त्यांनी सुरू केलं. आजीची माया होती ती, मित्रांनो. खोटी नव्हती. विषारी वेलीलाही फुलं खरीच येतात.

एके सकाळी सुवर्णा ओल्या केसांनी बाहेर आली आणि तिला बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात हळदीचा पिवळा डाग दिसला. तिनं बोटानं तो पुसला, हुंगला, आणि तशीच बाळाला उचलून दवाखान्यात गेली. तिथं त्याचं रक्त घेतलं, औषध आणखी काही आठवडे वाढवून दिलं. अहवाल काही आठवड्यांनी आला. बाळ तेवढ्यापुरतं तरी निसटलं होतं. पण पुन्हा असं होऊ देऊ नका, असं तिला बजावलं होतं.

डाग दिसला त्याच दिवशी घरी आल्यावर ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "आता सांगता का?" धनराज मोबाईलमध्ये पाहत राहिला. मग तिनंच सांगितलं. आजार सांगितला, गोळ्या दाखवल्या, गुटी का नको तेही सांगितलं. फक्त स्वतःचं सांगितलं. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. मला वाटलं, आता तरी हा मान वर करेल. त्याची मान आणखी खाली गेली.

वत्सलाबाईंनी गोळ्यांची डबी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "माहेराहून हे आणलंस होय?"

उत्तर समोरच्या खाटेवर बसलं होतं. ते मोबाईल चाळत होतं.

"मग तर तुझं दूध आजपासून बंद," त्या उठल्या. "माझा नातू मी म्हशीच्या दुधावर वाढवीन." त्यांनी दूध तापवलं, निववलं, मला गव्हातून काढून धुतलं आणि काठोकाठ भरलं.

"आई, ऐका. पाजून पाजून आता एकदम तोडायचं, मग तो रडला की मला राहवणार नाय, मी परत घेईन. दोन्ही मिळून झालं तर पोर हातचं जाईल. माझ्या गोळ्या चालू हायेत, त्याचं औषध चालू हाय. माझंच दूध चालतं त्याला."

"सरक."

वत्सलाबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. माझी चोच त्याच्या ओठांपाशी आली. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात सुवर्णानं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं, स्वतःच्या तोंडाला लावलं आणि सगळं दूध पिऊन टाकलं. चोचही चोखली. मग मला वत्सलाबाईंच्या पुढ्यात पालथं ठेवलं.

"घ्या. माझं उष्टं झालं ते. आता पाजा त्याला."

वत्सलाबाईंचा हात पुढे आला आणि मधेच थांबला.

"घरात भांडी लय हायेत, सुवर्णा."

"माझं तोंडबी घरातच हाय, आई."

मित्रांनो, ओठांनी, ताटानं, उष्ट्यानं हा आजार कुणाला होत नाही. हे सुवर्णाला पक्कं माहीत होतं, आणि सासूला ते माहीत नाही हेही तिला माहीत होतं. समजावून जे झालं नाही ते तिनं सासूच्या भीतीकडून करून घेतलं. त्या दिवसापासून बाळासाठी काढलेली वाटी असो, चमचा असो, ती आधी ओठाला लावायची. सासूनं कपाटाला कुलूप लावायला सुरुवात केली, पण उघडल्याशिवाय पाजणार कशातून? शेवटी वत्सलाबाई थकल्या. सहाण भिंतीला उभी राहिली. तिथून सहा महिन्यांचा होईपर्यंत रुद्रच्या पोटात आईच्या दुधाशिवाय आणि औषधाशिवाय काही गेलं नाही.

याची किंमत काय पडली तेही ऐका. सुवर्णाचं ताट, तांब्या आणि पेला वेगळा झाला. मोरीच्या खिडकीत त्यांची जागा. मीही तिथंच. कधीकाळी गल्ली मला साखर घालून परत करायची, आता कामवालीनंही मला हात लावायचा नाही. खिडकीतून स्वयंपाकघर सरळ दिसतं. वत्सलाबाई आणि धनराज एका ताटात जेवायचे. आई लेकाला आपल्या हातानं घास भरवायची आणि त्याच्या पेल्यातलं उरलेलं ताक स्वतः प्यायची. त्याच्या गोळ्या टेम्पोच्या सीटखाली होत्या. म्हातारीला कधी शिंकसुद्धा आली नाही. उष्ट्यानं काही होत नाही याचा पुरावा रोज त्या घरात ताक पीत होता, फक्त तो कुणी पाहिला नाही.

सहा महिन्यांनंतर सुवर्णानं वरणभात कुस्करून भरवायला सुरुवात केली. वर्षाच्या सुमाराला अंगावरचं दूध सोडवलं. रुद्र दीड वर्षाचा झाल्यावर शेवटची तपासणी झाली. आज सकाळी त्या तपासणीचा अहवाल हातात आला. रुद्र निरोगी आहे.

धनराज सगळ्यांना टेम्पोतून इथं घेऊन आला. स्वतः गाडी लावायची म्हणून बाहेरच थांबला. वत्सलाबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मला काढून काउंटरवर ठेवलं, तेही पिशवीनंच धरून.

"हे मोडा आणि पोराला वाळे करा."

निवृत्तीशेठनी मला उचललं, माझ्या चोचीवरून बोट फिरवलं. "वडिलांच्या हातचं काम आहे हे. मोडता कशाला? चिंच लावा, नव्यासारखं होईल."

"नको. उष्टं झालंय."

"भांडं आणखी कशासाठी असतं, वत्सलाबाई?"

"तसलं उष्टं नाय ते. तुम्ही टाका भट्टीत." मग जरा वेळानं, पेढ्याचा पुडा सोडत, "माझ्या गुटीचं पोर हाय, म्हणून तरलं. नायतर आजकालच्या आयांचं काय खरं."

सुवर्णा दाराशी उभी होती. तिनं हे ऐकलं. तिच्या गोळ्या, तिचं दूध, पोराचं औषध, तिचं वेगळं ताट, या सगळ्यांचं श्रेय गुटीच्या खात्यावर जमा झालं आणि तिनं ते होऊ दिलं. पोर तिच्या कडेवर होतं. बाकी काही तिला नको होतं, किंवा मागायचं तिनं सोडलं होतं.

रुद्रनं पेढा घेतला. एक घास खाल्ला. उरलेला आईच्या तोंडात कोंबला. तिनं थोडासा चावला तोच यानं तो ओढून बाहेर काढला आणि कडेवरून वाकून आजीच्या तोंडात सारला. वत्सलाबाई काही बोलायला तोंड उघडत होत्या, पेढा आत गेला. त्या तशाच थांबल्या. निवृत्तीशेठ पाहत होते. सून पाहत होती. नातू टाळ्या वाजवत होता.

वत्सलाबाईंनी पेढा गिळला.

मला वाटलं, आता मला परत मागतील. त्यांनी पदरानं ओठ पुसले आणि म्हणाल्या, "वाळे जरा जाड करा."

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं आणि त्याच्या आईला डॉक्टरांनी काही सांगितलं असेल, तर तिचं ऐका. सहा महिने माझ्यासारख्या भांड्याला ट्रंकेतच राहू द्या, मला अपमान वाटणार नाही. घरात कुणाला हा आजार असेल तर त्याच्या ताटात जेवा. आणि घरात बोलायची पाळी आली की भाकरीचा घास मोठा घेऊ नका.

उद्या मी वितळेन. वाळे होऊन रुद्रच्या पायांत वाजेन. त्याच्या मागं धावताना वत्सलाबाई मला हातात धरतील, कुरवाळतील, मी तोच असूनही. आगीनं मी शुद्ध झालो असं त्यांना वाटेल. माझी सुटका झाली. मोरीच्या खिडकीत सुवर्णाचं ताट मात्र अजून तसंच आहे. आजपासून ते एकटं.