सगळ्यांत निरोगी बाई

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या टोळीत ती एकटीच बाई होती. सगळे तिला 'वायर' म्हणत. वायरिंगच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नाव पडलं होतं. पुढे पुढे ती तशी दिसायलाही लागली, आणि तिला त्याचा अभिमानच वाटायचा.

सुरुवात साधी होती. वडील बसल्या जागी हृदयविकाराने गेले, तेव्हा आपण असं जायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं. साखर सोडली. मग तळलेलं, मग दूध, मग गहू. जे सोडलं त्याबद्दल लोक शाबासकी देत, त्यामुळे पुढचं सोडणं आणखी सोपं जाई. हळूहळू दुसऱ्याच्या हातचं तिला काहीच चालेना. भाज्या मिठाच्या पाण्यात धुवायच्या, मग सोड्याच्या, मग साध्या, मग उकडून काचेच्या डब्यात भरायच्या, यातच तिची सकाळ सरे. कुणी चहा पुढे केला, तर त्यात पाल पडल्यासारखी ती कपाकडे बघे.

धाकट्या बहिणीने नवीन घर घेतलं आणि तिला जेवायला बोलावलं. ती आपला डबा घेऊन गेली. तेवढ्यावर भागलं असतं. पण ती स्वयंपाकघरात शिरली, कढईत डोकावली, आणि हे विष तुम्ही रोज खाता का, असं विचारून बसली. मेहुण्याने हसून विषय बदलला. बहीण मात्र दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, तुला माझं जेवण नको, की मीच नको?"

मला जगायचंय, तुम्ही मरा खुशाल, असं सांगून वायर जिना उतरली. त्यानंतर बहिणीचा फोन यायचा बंद झाला.

मग एकदा एका जुन्या कचेरीत ती आणि टोळीतला सगळ्यांत जुना मिस्त्री, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, लिफ्टच्या टपावर उभे राहून ब्रेक तपासत होते. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातला पाना निसटला आणि भिंतींवर आपटत पार तळाला गेला. तिच्या कमरेचा पट्टा उस्तादाने वेळीच धरला. लिफ्ट खाली आणल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, की डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत मी तुझ्याबरोबर वर चढणार नाही.

"आपली पोटं बघा आधी," ती उसळली. "या टोळीत सगळ्यांत निरोगी मी आहे."

"असशील. पण पाना तुझ्या हातातून पडला."

डॉक्टरीणबाईंकडे ती सर्टिफिकेट घ्यायला म्हणूनच गेली. तपासण्या झाल्या. हाडं ठिसूळ, नाडी मंद, पाळी कधीची बंद. बाईंनी समजावलं, की शुद्ध खाण्याचा ध्यास असा हाताबाहेर गेला की तो आजारच असतो, मनाचा. वायरला हसू आलं. चांगलं खाण्याचाही आजार!

"तुम्ही काय खाता ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "दिवसभरात दुसरा कसला विचार करता?"

पाना पडला ती वेळ तिला आठवली. तेव्हाही लिफ्टच्या टपावर, पायाखाली सगळी पोकळी असताना, उद्याच्या भोपळ्यावर फवारणी झाली असेल का, हेच तिच्या डोक्यात होतं.

बाहेर आल्यावर तिला रडू आलं नाही, संताप आला. हे बाईमाणसाचं काम नव्हे म्हणणाऱ्या अख्ख्या गोतावळ्याला तिने कधी जुमानलं नव्हतं. आणि डोक्यातल्या या हुकूमशहापुढे मात्र ती इतकी वर्षं मान खाली घालून उभी होती. का म्हणून?

समुपदेशकाकडे जाणं सुरू झालं. दोन पावलं पुढे, एक मागे, असं चाललं. एका संध्याकाळी ती डबा न घेता बहिणीच्या दारात उभी राहिली. काय केलंयस, म्हणून विचारलं. बहिणीने चाचरत सांगितलं, की बटाटे, तेलात परतलेले.

"वाढ."

पहिला घास तोंडात फिरू लागला. थुंक, डोकं म्हणालं. आत्ताच्या आत्ता थुंक.

"गप्प बस," वायर मोठ्याने म्हणाली.

शेजारच्या भाडेकरूची गंमत सांगणारा मेहुणा मध्येच थांबला. तुम्हाला नाही, तुमचं चालू द्या, असं तिने घाईघाईने सांगितलं. बहीण आधी खुदकन हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली. ताटातलं निम्मं तसंच राहिलं. पण निम्मं पोटात गेलं होतं, आणि ते तिने तिथेच राहू दिलं.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तेव्हा उस्ताद तिच्याबरोबर वर चढला. भीती अजून गेलेली नव्हती. एखाद्या दिवशी घासागणिक भांडण होई, आणि ती भांडून जेवे.

त्याच जुन्या कचेरीत एक साहेबीण तिच्याकडून पूर्वी डाएटचे सल्ले घ्यायची. तिने वायरला लिफ्टपाशी गाठलं आणि वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अहो, किती छान ठेवलं होतंत स्वतःला! काय झालं?"

"बरी झाले."

आता कुठलं डाएट करता, असं साहेबिणीने विचारलं.

"भूक लागली की जेवते."

ती चेष्टा करतेय असं साहेबिणीला वाटलं. वायरने पट्टा कमरेला आवळला, टपावर पाय ठेवला, आणि लिफ्ट वर घ्यायला उस्तादाला हाक दिली.